नळ आठ-दहा दिवसांनी येतो तेव्हा: मराठवाड्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

बदली होऊन, शिकायला म्हणून किंवा लग्न होऊन तुम्ही लातूर, धाराशिव, बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर अशा गावात आला असाल आणि आजवर तोटी फिरवली की पाणी येतं एवढंच तुम्हाला ठाऊक असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितो आहे. इथे बऱ्याच भागांत नळ रोज येत नाही. पाऊस दगा देऊन गेला की दोन नळांमधलं अंतर आठ, दहा, बारा दिवसांवर जातं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा नदीवरचं धनेगावचं धरण आटलं, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला रेल्वेच्या १० वाघिणी (मालडबे), म्हणजे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. त्या दिवसांतही लोकांनी इथे संसार केले, पोरांनी परीक्षा दिल्या, घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाण्याचा तांब्याच दिला. हे ज्यांनी निभावलं त्यांच्या सवयी शिकण्यासारख्या आहेत, आणि त्या नुसती काटकसर करून लागत नाहीत. हिशेब ठेवून लागतात. कमी वापरायचं असं ठरवून पाणी वाचत नाही. आज किती लिटर आपल्या वाट्याचे आहेत हे कळलं की आपोआप वाचतं.

सामान लावायच्या आधी चौकशी करा

पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंकडे जा आणि विचारा: आपल्या गल्लीत नळ कोणत्या वारी येतो, किती वाजता, किती वेळ टिकतो? जोर किती असतो, पहिल्या मजल्यावर चढतो का? मागच्या उन्हाळ्यात जास्तीत जास्त किती दिवस आला नव्हता? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तुमची सगळी तयारी त्याच आकड्यावर ठरायची आहे. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. त्यात नाव घालायला सांगा. चावी सोडणाऱ्या, म्हणजे गल्लीच्या नळाचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाची ओळख करून घ्या. पाइपलाइन फुटली, लाइट गेली, पंप बंद पडला, हे सगळ्यात आधी त्याला कळतं.

घरमालकाला वेगळे प्रश्न. खालचा हौद किती लिटरचा, त्यात वाटेकरी किती, मोटार कोण आणि कधी लावतं? बोअर आहे का, आणि मे महिन्यात तो चालतो का? बोअर आहे एवढं ऐकून निश्चिंत होऊ नका. फेब्रुवारीत भरभरून येणारा बोअर एप्रिलमध्ये अर्ध्या तासात हवा मारायला लागतो.

भांडी मोजा

आता घरातला साठा मोजा. चौकोनी हौद असेल तर लांबी, रुंदी आणि खोली फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. आले तेवढे लिटर. ५ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल हौदात साधारण सव्वादोन हजार लिटर मावतात. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीवर आकडा लिहिलेलाच असतो. मोठं टिपाड, म्हणजे पिंप, २०० लिटरचं, घरातली बादली १५ ते २० लिटरची.

एक वेताची काठी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या. टाकी पूर्ण भरलेली असताना तो तळापर्यंत बुडवा, ओल्या खुणेवर रेघ मारा आणि त्या उंचीचे दहा सारखे भाग करून प्रत्येकावर ऑइलपेंटने रेघ ओढा. हजार लिटरच्या सरळ उभ्या टाकीत एक रेघ म्हणजे १०० लिटर. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ही काठी टाकीत बुडवून बघायची. गच्चीवर चढायला होत नसेल तर टाकीला बाहेरून पारदर्शक नळी बसवून घ्या, प्लंबर अर्ध्या तासात बसवतो. टिपाडाला आतून रेघा मारायची गरज नाही, त्यातला साठा डोळ्याला दिसतोच.

दिवसावर वाटणी करा

समजा घरात चार माणसं आहेत. गच्चीवर १००० लिटरची टाकी, घरात दोन टिपाडं, म्हणजे एकूण १४०० लिटर. नळ आठ दिवसांनी येतो. तरी आठाने भागू नका, दहाने भागा. नळ एक-दोन दिवस पुढे जाणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे. १४०० भागिले १० म्हणजे दिवसाला १४० लिटर, माणशी ३५ लिटर.

शहरांच्या नियोजनात माणशी १३५ लिटर धरतात, ग्रामीण नळयोजनांना ५५ लिटर. त्या मानाने ३५ फार थोडे वाटतील, पण नीट वाटले तर घर स्वच्छ राहतं, माणसं स्वच्छ राहतात. वाटणी साधारण अशी बसते: पिणं-स्वयंपाक ५, अंघोळ १०, भांडी ६, कपडे ८, हात-तोंड ३, आणि संडासासाठी ताजं पाणी ३. संडासाची बाकीची गरज, फरशी आणि झाडं यांच्यासाठी ताजं पाणी नाही. ते अंघोळ आणि कपड्यांच्या पाण्यातून निघतं. कसं, ते पुढे सांगतो.

घरात तान्हं बाळ, बाळंतीण, आजारी माणूस किंवा पाळी चालू असलेली मुलगी असेल तर त्यांचा वाटा आधी बाजूला काढा आणि उरलेलं बाकीच्यांत वाटा. काटकसर त्यांच्या अंगावर ढकलू नये. बऱ्याच घरांत पाणी भरणं आणि जपून वापरणं हे दोन्ही बायकांच्या माथी मारलेलं असतं आणि शॉवरखाली उभे राहतात ते पुरुष. हिशेबाचा कागद स्वयंपाकघराच्या दारावर सगळ्यांना दिसेल असा लावा, म्हणजे तो सगळ्यांचा होतो.

गळती आधी

नळाच्या दिवसाआधी घरातल्या सगळ्या तोट्या तपासा. थेंब गळतोय एवढं म्हणून सोडून देऊ नका, मोजा. गळक्या तोटीखाली पाणी प्यायचा २०० मिलीचा पेला ठेवा. तो पाव तासात भरला तर दिवसाला १९ लिटर गेले, म्हणजे घरातल्या एका माणसाच्या निम्म्याहून जास्त वाट्याचे. बहुतेक वेळा नुसता वॉशर गेलेला असतो. तो दहा-वीस रुपयांचा, पाना फिरवता येणाऱ्या कुणालाही बसवता येतो.

फ्लशची टाकी आतून गळते तेव्हा आवाजही येत नाही. तिच्या पाण्यात खायचा लाल रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. संडासाच्या भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचा रबर बदला. खरं सांगायचं तर टंचाईत फ्लश बंदच ठेवावा. जुनी टाकी एका दाबात १० लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सोडते. बादलीने जोरात ओतलं तर निम्म्यात काम होतं. भाड्याच्या घरात बदल करता येत नसेल आणि फ्लश वापरावाच लागत असेल, तर पाण्याने भरलेली लिटरची बाटली झाकण घट्ट लावून टाकीत उभी ठेवा, दर दाबाला लिटरभर वाचेल. वीट टाकू नका, ती विरघळते आणि गाळ रबरात अडकतो.

गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) आणि ओव्हरफ्लोचा पाइपही बघून ठेवा. आठ दिवस वाट बघून आलेलं पाणी पहाटे गच्चीवरून वाहून गेलेलं पाहण्याइतकं वाईट दुसरं काही नसतं.

नळाचा दिवस

हा दिवस इथे सणासारखा आखतात. आदल्या रात्री रिकामी भांडी घासून ठेवा. कुणी घरी थांबायचं ते ठरवा. रूमवर राहणाऱ्या पोरांनी पाळी लावून घ्यावी, कारण क्लास आणि नळ यांची वेळ हमखास एकच येते.

पाणी सुटलं की पहिली काही मिनिटं गढूळ येतं. इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या पाइपातला गंज आणि माती त्यात असते. ते रस्त्यावर सोडू नका, वेगळ्या टिपाडात धरा; दोन दिवसांचं संडासाचं पाणी झालं. धार निवळली, वास-रंग ठीक वाटला की सगळ्यात आधी पिण्याची भांडी भरा, मग स्वयंपाकाची, मग हौद आणि टाकी. हाच क्रम ठेवा. नळ मध्येच गेला तरी प्यायचं पाणी घरात आलेलं असतं.

नळाला थेट मोटार लावू नका. ते बेकायदा तर आहेच, आणि शेजारच्या शेवटच्या घराला त्यामुळे थेंब मिळत नाही. शिवाय मोटार रिकामा पाइप ओढते तेव्हा गळक्या जोडांतून आजूबाजूच्या गटारीचं पाणीही आत येतं, आणि ते तुमच्याच घरात येतं. नळ हौदात पडू द्या, हौदातून मोटारीने वर चढवा.

नवीन पाणी आलं की जुनं शिळं झालं म्हणून ओतून देण्याची रीत अनेक घरांत आहे. माझी एवढी विनंती आहे की ती मोडा. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेलं पाणी आठ दिवसांत सडत नाही. प्यायला मन घेत नसेल तर नळाच्या दिवशीच चादरी, गोधड्या, पडदे धुवायला काढा आणि उरलेलं सगळं पाणी त्यात लावा.

प्यायचं पाणी

पिण्याचं आणि खर्चाचं, म्हणजे बाकीच्या वापराचं, पाणी कधी एकत्र करू नका, त्यांचे तांबेसुद्धा वेगळे ठेवा. पिण्याच्या भांड्याला अरुंद तोंड, घट्ट झाकण आणि शक्यतो खाली तोटी असावी. माठ असेल तर लांब दांड्याचं ओगराळं वापरा. माठात हातासकट पेला बुडवला की आठ दिवसांचं पाणी खराब झालं असं समजा. टंचाईत जुलाब आणि कावीळ याच वाटेने घरात शिरतात, आणि जुलाब लागलेल्या घराला पाणी दुप्पट लागतं.

गढूळ पाण्यात तुरटीचा खडा काही वेळा फिरवून रात्रभर निवळू द्या, सकाळी वरचं पाणी हलकेच दुसऱ्या भांड्यात काढा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी खळखळून उकळा किंवा औषधाच्या दुकानात मिळणारं क्लोरीनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा. टँकरचं किंवा विहिरीचं पाणी आलं तर हे टाळू नका. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात आणि उकळून ते जात नाहीत, म्हणून प्यायला नळाचंच राखून ठेवा.

आरओ असेल तर त्याच्या दुसऱ्या नळीतून बाहेर जाणारं पाणी मोजा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे बहुतेक घरगुती मशिनं दोन-तीन लिटर बाहेर टाकतात. ती नळी बादलीत सोडा. फरशी, संडास, भांड्यांचा पहिला हात, सगळ्याला चालतं. कुंड्यांना रोज घालू नका, मातीत क्षार साचतात. नळाचं पाणी मुळात कमी क्षारांचं असेल तर आरओ बंद ठेवून साधा फिल्टर किंवा उकळलेलं पाणी वापरणं जास्त शहाणपणाचं.

एक पाणी, दोन कामं

रोजच्या वापरात खरी बचत इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

अंघोळ मोठ्या घमेल्यात किंवा टबात उभं राहून करा. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो. १० लिटरची बादली आणि तांब्या घेतला तर अंगही नीट धुतलं जातं. आधी दोन तांबे, मग साबण, मग उरलेलं. घमेल्यात साचलेलं पाणी बादलीत ओतून संडासात ठेवा. चार माणसांच्या अंघोळीतून तीसेक लिटर सहज हाताला लागतात आणि घराचा दिवसभराचा संडास त्यावर निघतो. केस धुण्याचे वार ठरवून घ्या, त्या दिवशी एक बादली जास्त धरा.

कपडे रोज धुवायचे नाहीत. आठवड्यातून दोनदा, साठवून. तीन बादल्या मांडा: पहिलीत साबणाचं पाणी, दुसरीत पहिली खळबळ, तिसरीत दुसरी खळबळ. आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. पावडर कमी घातली की खळबळायला पाणी कमी लागतं. बोअरच्या जड पाण्यात फेस येत नाही म्हणून लोक पावडर वाढवत जातात आणि मग ती निघता निघत नाही. तिसऱ्या बादलीचं पाणी त्याच दिवशीच्या पुढच्या खेपेची पहिली बादली होऊ शकतं, दुसरीचं फरशीला, पहिलीचं संडासाला. वरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन एका धुण्याला शंभर लिटरच्या पुढे जातं, समोरून दार असलेलं त्याच्या निम्म्यात भागवतं. मशीन वापरायचंच असेल तर ते पूर्ण भरल्याशिवाय लावू नका आणि त्याचा बाहेर जाणारा पाइप टिपाडात सोडा.

साबणाचं वापरलेलं पाणी एक दिवसापेक्षा जास्त ठेवू नका. त्याला घाण वास सुटतो आणि मग ते संडासात ओतायलाही नको वाटतं.

भांडी. खरकटं सुकायच्या आत निपटून काढा, तेलकट कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसा. राखेने किंवा साबणाने कोरडीच घासा, एका पसरट पातेल्यातल्या पाण्यात पहिला हात, दुसऱ्यातल्या पाण्यात शेवटचा. तोटी सोडून भांडी विसळली तर चार माणसांच्या जेवणाला तीस-चाळीस लिटर सहज जातात. दोन पातेल्यांत सहा लिटर दोन्ही वेळांना पुरतं, भांड्यांसाठी धरलेल्या चौघांच्या २४ लिटरमधले बाकीचे सकाळच्या चहा-नाश्त्याच्या भांड्यांना आणि कुकर-कढईला राहतात. पाहुणे येणार असतील तर पत्रावळी आणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पेल्यात हवं तेवढंच पाणी घ्यायची सवय मुलांना लावा. जेवणानंतर पेल्यांत उरलेलं पाणी एका तांब्यात गोळा करून कुंडीला घाला.

तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी झाडांसाठी उत्तम. झाडांना संध्याकाळी उन्हं उतरल्यावर घाला आणि कुंडीतल्या मातीवर वाळला पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या पसरा. मोठ्या झाडाच्या बुडाशी तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं पुरून दोन दिवसांतून एकदा भरलं तरी ते झाड तगतं. नवीन रोपं मात्र उन्हाळ्यात लावूच नका.

कूलरकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोठा कूलर रात्रभरात पन्नासेक लिटर पाणी पितो, म्हणजे दीड माणसाचा वाटा. एकाच खोलीत सगळ्यांनी झोपून एकच कूलर लावा, आणि त्यात प्यायचं पाणी न घालता बोअरचं घाला. कापडं धुतलेलं पाणी घालू नका, जाळी कुजते.

साठवलं की डास येतात

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे बरोबर आपल्या दोन नळांमधलं अंतर. नुसतं झाकण पुरत नाही, फट राहते. टिपाडाच्या तोंडावर जुन्या सुती साडीचं दुहेरी कापड सुतळीने आवळून बांधा आणि त्यावर झाकण ठेवा. अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर भिंतीला चिकटतात आणि भांडं सुकलं तरी कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून टिपाड रिकामं झालं की काथ्याने आतून खरवडून घासा. सगळी भांडी एका दिवशी रिकामी करणं टंचाईत शक्य नसतं. एकेक टिपाड संपवत जा आणि संपेल तसं घासत जा. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर पाणी फेकू नका, कापडातून गाळून खर्चाला घ्या आणि कापड उन्हात कोरड्या जागी झटका.

टँकर मागवायची वेळ आली तर

काठीवर तीन रेघा उरल्या की टँकर सांगा, शेवटच्या रेघेची वाट बघू नका. एप्रिल-मेमध्ये नंबर लागायला दोन-तीन दिवस जातात. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून मागवला तर परवडतो. पाणी कुठल्या विहिरीचं आहे ते विचारा, टँकर किती लिटरचा ते आधी ठरवून घ्या आणि उतरवून झाल्यावर तुमच्या काठीने हौद मोजा. पिण्यासाठी जार घेत असाल तर त्याचं बूच आणि तळ बघून घ्या. आत हिरवट थर दिसला तर परत करा.

मे संपायच्या आत गच्ची तयार ठेवा

१ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटर गच्चीवर पडला की १ लिटर पाणी होतं. १००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. १० मिलिमीटरच्या एका सरीत तिच्यावर ९०० लिटरच्या पुढे पाणी पडतं. वाया जाणारं सोडलं तरी ७०० लिटर हाताला लागतात. वर मांडलेल्या घराचे पाच दिवस. घरमालकाला हा आकडा सांगा, बहुतेक जण तयार होतात. गच्ची झाडून धुऊन घ्या, जुनं सामान, कुंड्या, कबुतरांची घाण काढा. गच्चीच्या पन्हळीला पाइप जोडून तो खाली हौदापर्यंत आणा, मध्ये एक टी (पाइपाचा तीन तोंडांचा जोड) आणि त्याला झाकण ठेवा. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी त्या झाकणातून बाहेर सोडायचं, मग झाकण लावून पाइपाच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधायची आणि पाणी हौदात घ्यायचं. हे खर्चाला वापरा. प्यायचं असेल तर गाळून, उकळूनच. हौद भरल्यावर वाहणारं पाणी रस्त्यावर न सोडता बोअरच्या शेजारी खणलेल्या शोषखड्ड्यात सोडा. खड्ड्यात खाली मोठे दगड, मग खडी, वर जाड वाळू, आणि वाळूचा वरचा थर दरवर्षी पावसाळ्याआधी काढून बदलायचा.